हवेत धावणारा माणूस

१

पाकिटात फिल्म नव्हती. स्वेटरकाकांनी दोन बोटं आत घालून पुन्हा चाचपलं, पाकीट उजेडासमोर धरलं, मग शेजारचं उघडलं. तेही रिकामंच. धरणाच्या इंजिनिअरनं घड्याळाकडे पाहिलं, संचालकसाहेबांनी इंजिनिअरकडे पाहिलं आणि स्वेटरकाकांनी फरशीकडे.

हे ऑफिस देशाकडे वरून बघायचं. जंगल कुठे विरळ झालं, पाणी कुठे आटलं, शहरं कुठवर पसरली, हे आता उपग्रह सांगत असत. पण उपग्रहांच्या आधी विमानं होती आणि विमानांतून घेतलेल्या, परातीएवढ्या चौकोनी पारदर्शक फिल्म होत्या. त्या सगळ्या तळमजल्यावरच्या थंड भांडारात असत. भांडार सांभाळणारे गृहस्थ बारा महिने स्वेटर घालत, म्हणून त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

हरवलेल्या दोन फिल्म साध्या नव्हत्या. धरण बांधायच्या आधी ती दरी कशी होती, हे त्यांच्यावरच दिसायचं. आता धरणात गाळ साचत चालला होता. तळ मुळात किती खोल होता हे कळलं तर गाळ किती ते कळणार, आणि खालच्या शहरांना अजून किती वर्षं पाणी पुरेल तेही. इंजिनिअर त्यासाठीच आला होता.

साहेबांनी विचारलं, कुणाला दिल्या? स्वेटरकाका म्हणाले, माझ्याकडे होत्या, जबाबदारी माझी. त्यापलीकडे एक शब्द नाही. मिठाची गुळणी धरून बसले. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. साहेबांनी थंडपणे सांगितलं, की फिल्म सापडेपर्यंत निरोपाचा कार्यक्रम होणार नाही आणि सरकारी वस्तू तुमच्या ताब्यातून गेली असं मला वर लेखी कळवावं लागेल. चोर हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण खोलीतल्या सगळ्यांना तो ऐकू आला.

त्याच दुपारी भिंगबाईंच्या घरचा फोन वाजला.

२

भिंगबाई म्हणजे या ऑफिसच्या जुन्या वाचक. वाचक पुस्तकांच्या नव्हेत, जमिनीच्या. फोटोवरच्या करड्या डागाकडे बघून हे शेत, हा खडक, हा पाण्याचा जुना माग असं सांगण्यात त्यांची हयात गेली. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग निवृत्तीनंतरही उतरलं नव्हतं. भाजी घेतानासुद्धा त्या ते डोळ्याला लावत आणि भाजीवाली वैतागत असे.

फोन केला होता स्कॅनिंगवाल्या तरुणानं. जुन्या फिल्म कॉम्प्युटरवर चढवण्यासाठी त्याला नुकतंच घेतलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, काका जेवले नाहीत. नुसते बसून आहेत. तुम्ही याल का?"

बाई निघाल्या. खरं तर ऑफिसात जायला त्यांना निमित्तच हवं असायचं. जुनी इमारत आता पाडणार होते, फिल्म स्कॅन झाल्या की त्याही नष्ट करून त्यांतली चांदी काढून घेणार होते. जिन्याचा कठडा हातांनी गुळगुळीत झालेला, भांडारातून येणारा जुन्या फिल्मचा तो आंबूस वास, कोपऱ्यातल्या खिडकीची अर्धवट लागणारी झडप, सगळं जिथल्या तिथे होतं. बाईंना एकदम रडायला आलं. त्यांनी ते सर्दीवर ढकललं.

स्वेटरकाका स्टुलावर बसले होते. बाईंना बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"बाई, तुम्ही यात पडू नका," ते म्हणाले.

"इतकी वर्षं एक फिल्म इकडची तिकडे होऊ दिली नाहीत. आज कुणाला पाठीशी घालताय?"

काकांनी स्वेटरची बाही खाली ओढली. कुणालाही पाठीशी घालत नाही, असं मात्र ते म्हणाले नाहीत. म्हणजे पाणी तिथंच मुरत होतं.

गेल्या आठवड्यात इमारतीचा निरोप घ्यायला सगळी जुनी मंडळी जमली होती. भिंगबाई आल्या होत्या, नकाशे काढणारी, जिला सगळे रेघ म्हणत, ती आली होती, निवृत्त झालेले फोटोग्राफर, ड्रायव्हर, सगळेच. भांडाराचं दार दिवसभर सताड उघडं होतं. जो तो आपापली आवडती फिल्म काढून बघत होता. चोरी झाली असली तर त्याच दिवशी, असं साहेबांचं म्हणणं. पण त्या दरीच्या फिल्मच्या पाकिटांचा डबा तर इंजिनिअरसाठी कालच बाहेर काढून ठेवला होता, तेव्हा कुणी बघितलं नव्हतं का? बाईंनी पदर खोचला आणि एकेकाला विचारायला निघाल्या.

३

आधी इंजिनिअर. हा माणूस गोड बोलायचा आणि ताकास तूर लागू द्यायचा नाही. बोलता बोलता बाईंनी त्याच्याकडून काढून घेतलं, की गाळाचा त्याच्या खात्यानं आधी जाहीर केलेला आकडा बराच कमी होता. खरा तळ कळला असता तर खात्याची अब्रू गेली असती. फिल्म नाहीशा होण्यात ज्याचा फायदा असा हा एकटाच. बाईंनी त्याचं नाव मनात वर ठेवलं.

मग तरुण. डबा काल त्यानंच बाहेर काढला होता. आत बघितलं का? नाही. कारण या डब्याचं स्कॅनिंग अजून सुरू व्हायचं होतं, आणि तेव्हाही त्या दोन्ही फिल्म करायच्याच नव्हत्या. साहेबांचा हुकूम होता, एकाआड एक करा. विमानातून फोटो काढताना प्रत्येक फोटो मागच्या फोटोवर निम्म्याहून जास्त चढवतात. त्यामुळे एकाआड एक घेतले तरी जमीन सगळी येते आणि काम निम्मं होतं.

"आणि उंची?" बाई जवळजवळ ओरडल्या.

तरुणाला कळलं नाही. त्याचा दोष नव्हता. जमिनीचा एकच तुकडा दोन जागांवरून टिपलेल्या दोन फोटोंत असतो. एका डोळ्याला एक, दुसऱ्याला दुसरा असे ते स्टिरिओस्कोपच्या दोन भिंगांखाली ठेवले, की टेकडी वर येते, दरी खाली जाते, घरं उभी राहतात. जोडीतला एक फोटो गेला की राहतो सपाट कागद. हे पोराला कुणी दाखवलंच नव्हतं.

साहेबांकडे जाताना बाईंना राग आला होता. पण त्यांच्या केबिनमध्ये बसल्यावर तो राग थोडा निवळला. साहेब आणि बाई एकाच वर्षी लागले होते. पहिल्याच वर्षी लक्षात आलं, की साहेबांच्या डाव्या डोळ्याला लहानपणापासून जवळजवळ दिसत नाही. बाकी सगळे स्टिरिओस्कोपला डोळे लावून अहाहा करत असत, आणि साहेब उगाच मान हलवत असत. पुढे ते कारभाराच्या बाजूला वळले आणि चढत गेले. दरीची खोली ज्याला कधी दिसलीच नाही, त्याला निम्म्या फिल्म फुकट वाटल्या तर नवल काय.

बाईंनी त्यांच्याकडे दोन दिवस मागितले. साहेबांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळी पत्र जाईल. तुमच्यासाठी तेवढं थांबतो."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जुन्या वाचन-खोलीत एकट्याच गेल्या. मध्ये काचेचं मोठं टेबल, खाली दिवे. त्यांनी बटण दाबलं. दिवे नेहमीसारखे कुरकुरत लागले आणि काचेवर एक गोष्ट दिसली.

पिवळ्या मेणपेन्सिलीनं काढलेला छोटा बाण.

हा बाण नवी माणसं काढत नाहीत. कॉम्प्युटरवर उत्तर दिशा नेहमी वर असते, मामला संपला. पण जुने वाचक बसायच्या आधी फोटोतल्या सावल्या कुठे पडल्यात ते बघायचे, काचेवर त्या दिशेचा बाण काढायचे आणि सावली आपल्या मांडीकडे येईल अशी फिल्म फिरवून बसायचे. नाहीतर डोळा फसतो, टेकडीच्या जागी खड्डा दिसतो. हा बाण खुर्चीकडे वळलेला होता. निरोपाच्या संध्याकाळपर्यंत टेबल रोज पुसलं जायचं. म्हणजे निरोपाच्या दिवसानंतर कुणी जुनं माणूस इथे एकटं येऊन बसलं होतं.

तरुण सुटला. इंजिनिअरही सुटायच्या वाटेवर होता. बाईंनी हरवलेल्या फिल्मच्या पुढची फिल्म डब्यातून काढून काचेवर ठेवली आणि भिंग लावलं. दरीतलं तेच गाव याही फिल्मवर होतं. नदीचं वळण, घरांचा पुंजका, एक मोठं झाड, एका अंगणात एक खांब. गाव तीन फिल्मवर आलं होतं आणि गेल्या होत्या फक्त दोन.

बाई खुर्चीत टेकल्या. ज्याला काही लपवायचं आहे आणि यातलं कळत नाही, तो गाव दिसणारी एखादीच फिल्म नेईल. ज्याला कळतं, तो तिन्ही नेईल, कारण एक जरी राहिली तरी गाव दिसतंच. दोन कोण नेईल? दोन नेण्यात एकच अर्थ आहे. त्याला लपवायचं नव्हतं. त्याला बघायचं होतं, जोडीनं, उंचीसकट. आणि साहेबांना तर जोडीचा उपयोगच नव्हता, त्यांना एकच फिल्म पुरली असती.

मग त्यांना ती जोडी आठवली.

ती शिकवणीची जोडी होती. नव्या भरतीला बाई पहिल्याच आठवड्यात ती दाखवत असत. गावाबाहेरच्या वाटेवर एक माणूस होता. धरणाच्या कामासाठी विमान कमी उंचीवरून उडालं होतं, म्हणून माणूससुद्धा ठिपक्याएवढा दिसत होता, सकाळच्या लांब सावलीसकट. पण स्टिरिओस्कोपमधून बघितलं, की तो झाडाच्या शेंड्याहून उंच हवेत दिसायचा, आपली सावली सोबत घेऊन. कारण पहिल्या फोटोनंतर दुसरा फोटो घेईपर्यंत तो धावला होता, आणि तोही विमानाच्या उलट दिशेला. हलणारी वस्तू उंचीबद्दल खोटं बोलते, हा धडा त्यातून पक्का व्हायचा.

बाई मग पोरांना विचारायच्या, का धावला असेल? आणि दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, विमानाला घाबरून, पाचावर धारण बसली असणार. सगळी खोली हसायची. बाईही हसायच्या. एकच व्यक्ती कधी हसली नाही. त्या वेळी ती नेहमी पेन धुवायला म्हणून खोलीबाहेर जायची.

बाईंनी काचेवरच्या बाणाकडे पुन्हा पाहिलं. मेणपेन्सिलीची रेघ जाड येते. ही सुईसारखी बारीक होती. पेन्सिलीला ब्लेडनं असं टोक करायची सवय या ऑफिसात एकाच हाताला होती. हे त्यांना आल्या आल्या दिसलं होतं. बघायचं नव्हतं एवढंच.

५

रेघेचा हात कधी थरथरायचा नाही, म्हणून ती रेघ. बाईंनी वाचायचं आणि रेघेनं काढायचं, अशी त्यांची वर्षानुवर्षांची जोडी. धरणाच्या नकाशावर पाणी कुठवर आलं ती निळी रेषाही तिनंच काढलेली. त्या दिवशी ती कुणाशी बोलली नव्हती. काम फार बारीक आहे, असं सगळ्यांना वाटलं होतं.

तिच्या घराचं दार उघडंच होतं. आतल्या खोलीत खिडकीशी टेबल होतं, टेबलावर काच, काचेखाली दिवा. रेघेची आई खुर्चीत बसून स्टिरिओस्कोपवर वाकली होती. म्हातारीचं वय झालं होतं, पण दोन्ही डोळे शाबूत होते. रेघ शेजारी बसून आई सांगेल ते ट्रेसिंग पेपरवर उतरवत होती. कोणती विहीर, कोणता डोह, कोणतं शेत त्या वर्षी जाळलं होतं म्हणून काळं दिसतंय.

बाईंना बघून रेघ उभी राहिली. "मी उद्या परत आणूनच देणार होते. आईला ताप आला म्हणून राहिलं. काका काही म्हणाले का?"

"काका काहीच म्हणत नाहीत. तोच तर घोळ आहे."

काय झालं ते ऐकून रेघेचा चेहरा पडला. तिला काहीच माहीत नव्हतं. निरोपाच्या दुसऱ्या दिवशी तिनं काकांना गाठलं होतं. फिल्म नष्ट होणार, स्कॅन होणार तेही एकाआड एक, म्हणजे जोडी कायमची तुटणार. त्याआधी आईला एकदा घर उभं राहिलेलं दाखवायचं होतं. काकांनी जन्मात पहिल्यांदा फिल्म बाहेर जाऊ दिल्या, आणि ती गोष्ट कुणाला कळणार नाही असा शब्द दिला. शब्द ते पाळत बसले होते.

"तो माणूस..." बाईंनी काचेवरच्या फिल्मकडे बोट केलं.

"बाबा," रेघ म्हणाली.

म्हातारीनं मान वर केली. तिनं सगळं शांतपणे सांगितलं. नवरा शेताकडे निघाला होता. विमान आलं. गावात कुणी विमान पाहिलं नव्हतं. तो तसाच मागे वळून पळत घरी आला, पोरीला दाखवायला. "ओरडत आला, ऊठ, विमान बघ. मी मागच्या बाजूला होते. मी पुढे येईपर्यंत विमान गेलं होतं. ही तर झोपलेली असेल. बिचाऱ्याची धावपळ फुकट गेली." गाव उठल्यावर वर्षभरातच तो गेला. नव्या जागी त्याचा जीव रमला नाही.

रेघेला त्यातलं काही आठवत नव्हतं. ती फार लहान होती. नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात ही जोडी समोर आली. आईकडून ऐकलेली विमानाची गोष्ट आणि अंगणाचा आकार, यांवरून तिनं ओळखलं. सांगायचं मनात होतं, पण तेवढ्यात सगळे हसले.

बाई रेघेचा हात धरून बसून राहिल्या. जमिनीवर जाऊन विचारल्याशिवाय फोटोचं वाचन पुरं मानायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. तो त्यांनीच शेकडो पोरांना पढवला होता. या एका माणसाबद्दल मात्र कुणाला विचारावंसं त्यांना वाटलं नाही.

६

संध्याकाळी पत्र टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर पडलं होतं. वाचन-खोलीत सगळे जमले. स्वेटरकाका दाराशी उभे होते. रेघेला आत येताना बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

बाईंनी फिल्म काचेवर ठेवल्या आणि शेजारी रेघेचा ट्रेसिंग पेपर. त्या म्हणाल्या, फिल्म चोरीला गेल्या नव्हत्या, पडताळणीला गेल्या होत्या. बाकी जागी आपण जमिनीवर जाऊन विचारतो. इथली जमीन पाण्याखाली आहे, तेव्हा जिला ती जमीन आठवते तिला विचारलं. इंजिनिअरनं कागद ओढून घेतला. त्यानं जो काळा पट्टा खोल डोह धरला होता, ते जाळलेलं शेत निघालं. कागद खाली ठेवून तो म्हणाला, की मला या दरीच्या सगळ्या जोड्या लागतील, एकही न गाळता, आणि तसं मी लेखी मागतो.

साहेब पेचात पडले. "नियम तो नियम. फिल्म न सांगता बाहेर गेली. आणि या जोड्यांत एवढं काय आहे, ते मला..." ते थांबले. त्यांना ते कधीच दिसणार नव्हतं, हे खोलीतल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं.

बाईंना त्यांची कीव आली. जोडी नको, एकेक फिल्म दाखवू, असं म्हणून त्यांनी तिन्ही ओळीनं मांडल्या आणि गळ्यातलं भिंग साहेबांच्या हातात दिलं. पहिल्या फिल्मवर माणूस वाटेवर. दुसरीवर घराजवळ. तिसरीवर वाट मोकळी.

"मग गेला कुठे?" साहेबांनी उजवा डोळा भिंगाला लावून विचारलं. "अंगणात तर नुसता खांब आहे."

"खांब, हो, मलाही सकाळी..." बाई म्हणता म्हणता थबकल्या. त्यांनी भिंग जवळजवळ हिसकावलं. पहिल्या फिल्मवर ते अंगण मोकळं होतं. दुसरीवरही मोकळंच. दोन फोटोंच्या मध्ये कुणी खांब रोवत नाही.

शिकवणीला नेहमी दोनच फिल्म लागत. तिसरी इतक्या वर्षांत कुणी काढलीच नव्हती.

बाईंनी ड्रॉवरमधून बारीक मोजपट्टी काढली. घराची, झाडाची किंवा माणसाची उंची एकाच फिल्मवर मोजायची तर सावली मोजतात. पहिल्या फिल्मवर त्यांनी माणसाची सावली मोजली. मग तिसरीवर अंगणातली. पुन्हा मोजली. मग खात्रीसाठी मोजपट्टी रेघेकडे दिली. रेघेच्या हातानं दगा दिला नाही. अंगणातली सावली चांगली सव्वापट भरली.

तरुणानं हळूच विचारलं, "म्हणजे तो दुसरा कुणी उंच माणूस?"

"एवढा उंच माणूस नसतो, बाळा," बाई म्हणाल्या. "तोच आहे. त्याच्या खांद्यावर कुणीतरी बसलंय."

साहेबांनी भिंग पुन्हा मागितलं. एका डोळ्यानं ते बराच वेळ बघत राहिले. इतक्या वर्षांत या टेबलाशी ते पहिल्यांदाच मान न हलवता बघत होते. मग ते टाइप केलेलं पत्र त्यांनी घडी करून खिशात घातलं आणि स्वेटरकाकांना म्हणाले, "निरोपाचा कार्यक्रम इथेच करू. याच खोलीत."

काकांनी स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले. त्यांच्याकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं.

रेघ तिसऱ्या फिल्मवर वाकली होती. भिंग तिच्या डोळ्याशी होतं आणि त्याची दोरी अजून बाईंच्या गळ्यात होती, म्हणून दोघींची डोकी एकमेकींना टेकली होती.

"आईला सांगायला हवं," ती म्हणाली. "मी पाहिलं होतं विमान."